मुळांच्या दारातील शर्करा

नवा रायपूरभोवतीच्या धानपट्ट्यात, तसेच सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात, धानाच्या कापणीपूर्वी उभ्या पिकातच लाखोळी फेकून पेरतात. ही ‘उतेरा’ पद्धत. नांगरट नाही, खतही फारसे नाही; तरी पीक येते, कारण मुळांवरील गाठींतील रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र अमोनियाच्या रूपात झाडाला पुरवतात. मात्र मातीतील असंख्य जीवाणूंमधून नेमका हाच सोबती मूळ कसे ओळखते?

१८८६ मध्ये हेलरिगेल यांनी बर्लिन येथे गाठी आणि हवेतील नत्र यांचा संबंध जाहीर केला. १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठींतून जीवाणू वेगळे केले. भारतात पुसा येथील एन. व्ही. जोशी यांचा या जीवाणूंवरील अभ्यास १९२० चा. या जीवाणूंच्या वसाहती बुळबुळीत दिसतात. तो बुळबुळीतपणा म्हणजे लांब शर्करासाखळ्यांचे आवरण. त्याचे महत्त्व उमगण्यास मात्र बराच काळ लागला.

१९८५ मध्ये ली, साइनर व वॉकर यांनी लसूणघासाच्या जीवाणूचे असे उत्परिवर्तित प्रकार शोधले, ज्यांना ही शर्करा बनवता येत नव्हती. विशिष्ट रंगद्रव्यावर वाढवलेल्या मूळ जीवाणूच्या वसाहती अतिनील प्रकाशात चमकत. यांच्या चमकत नसत. मुळांवर गाठी आल्या, पण रिकाम्या. आत जीवाणू नव्हते, नत्रही नव्हते.

१९९० मध्ये पहिल्या संकेताची रचना उलगडली. मुळांतून पाझरणाऱ्या फ्लेव्होनॉइडना उत्तर म्हणून जीवाणू एक लहान शर्करासाखळी सोडतो. तिला मेदाम्लाची शेपटी असते. या ‘नॉड घटका’मुळे मूलरोम वाकतो आणि प्रवेशाची वाट उघडते. २०१५ मध्ये दुसरा पहारेकरी सापडला : लोटस वनस्पतीतील ईपीआर-३ हा ग्राही. तो जीवाणूच्या आवरणातील शर्करा तपासतो. अर्धवट साखळीचा जीवाणू अडवला जातो. साखळीच नसलेला मात्र बहुधा आत जातो. चुकीची खूण मौनापेक्षा महाग पडते!

म्हणून कोणताही जीवाणू कोणत्याही पिकाला चालत नाही. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला लावले, तर पाकीट आणि मेहनत दोन्ही वाया जातात. शेतकरी गुळाच्या पाण्याने संवर्धक बियाण्याला चिकटवतो. तो गोडवा जीवाणूला बियाण्यापर्यंत पोहोचवतो. मुळात प्रवेश मात्र जीवाणूच्या स्वतःच्या शर्करेनेच मिळतो.