दह्याची वाटी आणि वार्धक्य : एली मेचनिकॉफ यांचा शोध

१/७
सन १९०४. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांनी पॅरिसमध्ये वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले. वार्धक्य हा त्यांच्या दृष्टीने एक विकार होता आणि त्यावरील उपायांत आंबवलेल्या दुधाचा समावेश होता.

२/७
त्यांच्या शब्दाला वजन होते. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. या भक्षक पेशी म्हणजे रोगप्रतिकाराची पहिली फळी. या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

३/७
मेचनिकॉफ यांच्या मते उतारवयात हेच रक्षक घरभेदी होतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्न सडवतात, त्यातून निघणारी विषे शरीराच्या पेशींना दुर्बळ करतात आणि भक्षक पेशी त्यांनाच गिळू लागतात.

४/७
दुधाला आंबवणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्या आम्लात सडण्याची क्रिया मंदावते. मग तेच जिवाणू आहारातून आतड्यात का धाडू नयेत? १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव यांनी बल्गेरियन दह्यातील जिवाणू ओळखला. बल्गेरियातील शतायुषी माणसांचा दाखला मेचनिकॉफ देत. स्वतःही ते नित्यनेमाने आंबवलेले दूध घेत.

५/७
या ध्यासामागे दुःखही होते. १८७३ मध्ये पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला होता. तोच माणूस पुढे दीर्घायुष्याचा पुरस्कर्ता झाला. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले.

६/७
सिद्धांताचे दुवे मात्र कच्चे होते. बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात कायमची वस्ती करीत नाही, हे पुढील संशोधनात दिसले. आतड्यातील विषांच्या याच कल्पनेपायी लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढीत. मेचनिकॉफ १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने निवर्तले. तरीही दह्याचा लौकिक टिकला. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक करासो यांनी दह्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा ते औषधांच्या दुकानांतून विकले जाई.

७/७
वयानुसार थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या टी-पेशी घटतात, लसींना मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो आणि शरीरात मंद दाह रेंगाळतो, हे आज ज्ञात आहे. प्रथिने, जस्त यांची उणीव ही दुर्बलता वाढवते आणि आतड्यातील जिवाणूंचाही रोगप्रतिकाराशी संबंध आहे. एका वाटीत सारे उत्तर सापडेल, ही मेचनिकॉफ यांची आशा फोल ठरली. आहार, आतडे आणि वृद्धांची रोगप्रतिकारशक्ती यांना एकत्र जोडणारा त्यांचा प्रश्न मात्र आजही प्रयोगशाळांत जिवंत आहे.