इंग्लंडमधील युवाकार्याची शिकाऊ उमेदवारी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
काम करता करता अर्हता मिळविण्याची प्रथा कारागिरीत जुनी आहे. तरुणांसोबतच्या सामाजिक-शैक्षणिक कार्यात मात्र ती उशिरा आली. इंग्लंडमध्ये युवाकार्य हा व्यवसाय कसा घडला व त्यात प्रत्यक्ष कामातून मिळणाऱ्या प्रशिक्षणाला कोणते स्थान लाभले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्यवसायाची जडणघडण :
नोव्हेंबर १९३९ मधील १४८६ क्रमांकाच्या शासकीय परिपत्रकाने युवासेवा शिक्षणव्यवस्थेच्या कक्षेत आली. तत्पूर्वी हे कार्य प्रामुख्याने चर्च व स्वयंसेवी संस्था करीत असत. १९६० च्या आल्बेमार्ल समितीच्या अहवालाने पूर्णवेळ कार्यकर्त्यांची संख्या सुमारे ७०० वरून १९६६ पर्यंत १३०० करावी, अशी शिफारस केली. त्यानुसार १९६१ मध्ये लेस्टर येथे राष्ट्रीय प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. तेथील अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. १९७० मध्ये ते बंद झाले. वेतन व अर्हता ठरविणारी संयुक्त वाटाघाटी समितीही १९६१ मध्येच स्थापन झाली.

अनुभवाला मान्यता :
घरसंसार व रोजगार सोडून महाविद्यालयात जाणे सर्वांना शक्य नव्हते. शहरांतील गरीब वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे काम करणारे, विशेषतः कृष्णवर्णीय कार्यकर्ते, अनुभव असूनही अर्हतेअभावी दुय्यम पदांवर राहत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शासकीय अनुदानातून शिकाऊ उमेदवारीच्या योजना सुरू झाल्या. उमेदवाराला वेतन मिळे, अनुभवी कार्यकर्त्याचे मार्गदर्शन लाभे आणि कामातूनच अर्हता सिद्ध होई. परंतु अनुदान मुदतबंद असल्याने या योजनांना कायमस्वरूप आले नाही.

पदवी आणि उमेदवारी :
२०१० पासून नव्या व्यावसायिक युवाकार्यकर्त्यांसाठी पदवी ही किमान अर्हता ठरली. २०१२ पासून विद्यापीठांचे वार्षिक शुल्क ९००० पौंडांपर्यंत वाढले. परिणामी, ज्यांच्या अनुभवाची या व्यवसायाला गरज होती, त्यांच्यासाठीच प्रवेशद्वार अरुंद झाले. २०१५ पासून इंग्लंडमध्ये पदवी-शिकाऊ उमेदवारी सुरू झाली. २०१७ मध्ये मोठ्या नियोक्त्यांवर त्यासाठी कर लागू झाला. पुढे युवाकार्यासाठीही अशी पदवी-उमेदवारी मान्य झाली. यात शिकणारा हा कर्मचारी असतो व शुल्काचा भार त्याच्यावर पडत नाही.

तथापि, उमेदवारीला नियोक्ता लागतो. २०१० नंतर स्थानिक प्रशासनांच्या युवासेवांवरील खर्चात मोठी कपात झाली व अनेक युवाकेंद्रे बंद पडली. ज्या गावात केंद्रच उरले नाही, तेथे उमेदवाराने शिकावयाचे कोणाच्या हाताखाली ?

निष्कर्ष :
अनुभवाला ज्ञानाचा दर्जा देणे हे या पद्धतीचे बलस्थान होय. मात्र हा मार्ग खुला राहणे केवळ अभ्यासक्रमाच्या मान्यतेवर अवलंबून नसते. १९६० नंतर शासनाने महाविद्यालयाबरोबर पदेही निर्माण केली, म्हणून प्रशिक्षणाला अर्थ आला. पदांचा व केंद्रांचा आधार नसेल, तर मान्यताप्राप्त उमेदवारीही कागदावरच राहण्याचा धोका संभवतो.