पुण्यांतील वाड्यांचे चौक व जीर्णोद्धार

जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करितांना चौक ही रिकामी जागा समजून तो पत्र्यानें झांकण्याची चाल पडली आहे. ती कां घातक आहे, हें वाड्याच्या रचनेवरूनच दाखवितां येतें.

पेशवाईंतील वाड्यांच्या बाहेरील भिंती तळमजल्यावर जाड व बहुधा खिडक्यांवांचून असत. त्यामुळें सोपे, माजघर व देवघर ह्यांस उजेड आणि वारा मिळे तो चौकांतूनच. भोंवतालच्या पागोळ्यांचें पाणी चौकांत पडून मोरीनें बाहेर जाई. मध्यें तुळशीवृंदावन, कोठें हौदहि असे. चौक झांकिला कीं भिंतींतील ओल वाळत नाहीं, खांब कुजतात आणि माळ्यावरील दप्तरांस कसर लागते. आमच्या संग्राहक वाचकांस ह्या शेवटल्या हानीचें मोल सांगणें नको.

दुसऱ्या बाजीरावानें बांधिलेल्या विश्रामबागवाड्यांत तीन चौक आहेत. इ. स. १८२१ त तेथें संस्कृत पाठशाळा निघाली, इ. स. १८७९ च्या आगींत वाड्याचा कांहीं भाग जळाला व पुढें दुरुस्त झाला. मांडणी टिकली म्हणून वाडा टिकला. उलट शनिवारवाडा इ. स. १८२८ त जळाला. तरी उरलेल्या जोत्यांवरून त्याचे चौक अद्यापि ओळखितां येतात.

सारांश, चौक हाहि एक अस्सल कागदच होय. म्हणून वाड्यांच्या धन्यांस आमची विनंती इतकीच कीं, दुरुस्तीपूर्वीं खणवार नकाशा काढावा, मोरी वाहती करावी, वृंदावन जागेवरच राखावें व चौकास आकाश मोकळें ठेवावें.