हेड फेसिंग (ॲल्युमिनियमचे)

हेड फेसिंग : सिलिंडर हेडचा ब्लॉकवर बसणारा पृष्ठभाग यंत्रावर छिलून किंवा ग्राइंडिंग करून सपाट करण्याचे काम. इंजिन हीट होऊन हेड वाकले, गॅस्केट जळाले की ते करतात.

कडा (ता. आष्टी, जि. बीड) गावाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतले, की पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजून इंजिन तापते आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. ट्रॅक्टरचे हेड बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे), मोटारींचे आता बहुतेक ॲल्युमिनियमचे. बिडावर बसलेला हात ॲल्युमिनियमला तसाच चालत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. बिडाच्या ब्लॉकला बोल्टांनी जखडलेले हेड पसरायला जागा न मिळाल्याने मधोमध उचलले जाते.

सर्वांत मोठा धोका वरच्या अंगाला असतो, आणि तिकडेच दुर्लक्ष होते. फेसिंगने फक्त खालची बाजू सपाट होते. कॅमशाफ्टच्या बैठका हेडमध्येच कोरलेल्या असतील, तर त्यांची रेषा वाकडीच राहते. पुढे कॅमशाफ्ट जाम होतो किंवा तुटतो. म्हणून छिलण्याआधी कॅमशाफ्ट बसवून, कॅप आवळून तो हाताने मोकळा फिरतो का, हे पाहिलेच पाहिजे. अडकत असेल तर हेड आधी नियंत्रित उष्णतेने सरळ करावे लागते. अतितापाने धातू मऊ पडला असेल, तर ते हेड बाद करणेच योग्य.

किती छिलावे याची मर्यादा उत्पादक ठरवतो. काही डिझेल इंजिनांत फेसिंगला मुळीच परवानगी नसते. ज्वलनकक्षाचा खोलगट भाग हेडमध्ये असेल, तर छिलल्याने दर सिलिंडरमागे जागा घटते. त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो वाढतो. शिवाय व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात. पट्ट्यावर किंवा साखळीवर चालणाऱ्या वरच्या कॅमचे टायमिंगही किंचित मागे सरकते. जाड गॅस्केट मिळत असेल तरच यातले काही भरून निघते.

पत्र्याच्या बहुपदरी गॅस्केटला फार गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. हातयंत्राच्या खरखरीत चकतीने घासणे सर्वांत घातक : कडा गोल होतात, खोलगट भाग पडतात, आणि चकतीची कठीण भुकटी ऑइलात शिरून बेअरिंगे खाते. व्हॉल्व्ह-सीटांमधल्या बारीक चिरा मात्र फेसिंगने झाकल्या जातात; त्यासाठी प्रेशर टेस्टिंग फेसिंगच्या आधी करून घ्यावे.