पहिल्या फोनपासून उंबरठ्यापर्यंत

व्यसन सोडायची इच्छा मोजायची कशी? समोरचा पहिला कागद १९९६ सालचा आहे. न्यू मेक्सिकोतल्या विल्यम मिलर आणि स्कॉट टोनिगन यांनी ‘सॉक्रेटिस’ नावाची प्रश्नावली तपासून प्रसिद्ध केली. तिच्यात १९ विधाने, प्रत्येकाला १ ते ५ गुण. उत्तरांतून तीन घटक वेगळे निघाले : समस्या ओळखणे, मनाची द्विधा आणि प्रत्यक्ष पावले टाकणे. मात्र ही उत्तरे दारूसाठी उपचार घ्यायला आलेल्या प्रौढांची होती.

२००३ मध्ये स्टीफन माइस्टो आणि सहकाऱ्यांनी तीच विधाने उपचारातल्या किशोरवयीनांपुढे ठेवली. घटक दोनच निघाले. द्विधेचे स्वतंत्र माप टिकले नाही. इथवर नोंद आहे. पुढचा तर्क माझा : पालकांनी, शाळेने किंवा न्यायालयाने धाडलेल्या मुलाच्या तोंडी ‘माझे जरा जास्तच होते का?’ ही शंका म्हणजे जवळजवळ कबुलीच असावी.

प्रश्नावलीऐवजी कृतीतून इच्छा पाहायची, तर अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मुलांविषयीचा सर्वांत बोलका पुरावा याहून जुना, १९८८ चा, मायामीचा आहे. होसे शापोचनिक आणि सहकाऱ्यांनी १०८ हिस्पॅनिक कुटुंबे घेतली. या संशोधकांचे माप साधे होते : कुटुंब उपचाराला आले का, आणि शेवटपर्यंत टिकले का? एका गटाला नेहमीच्या पद्धतीने बोलावले. दुसऱ्या गटात समुपदेशकाने पहिल्या फोनपासूनच घरातली अडचण ओळखून ती सोडवायला सुरुवात केली. पहिल्या गटातली ४२ टक्के कुटुंबे आली, दुसऱ्यातली ९३. उपचार पूर्ण झाले अनुक्रमे २५ आणि ७७ टक्क्यांचे.

हे आकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात. कुटुंब आले, एवढे त्यांतून निश्चित कळते. मुलाला यायचे होते की नाही, ते कळत नाही. पण इच्छा ही केवळ मुलाच्या मनातली ठेव असती, तर फोनवरच्या बोलण्याने एवढा फरक पडला नसता. समुपदेशकांना वारंवार आढळले ते असे, की घरात सत्ता मुलाची होती आणि ‘चल’ म्हणण्याचे बळ पालकांत उरले नव्हते.

१९९६ मध्ये डॅनियल सांतिस्तेबान आणि सहकाऱ्यांनी १९३ हिस्पॅनिक कुटुंबांवर हीच पद्धत पुन्हा पारखली. अंतर कमी झाले : ८१ विरुद्ध ६० टक्के. आकड्यांच्या आत शिरल्यावर आणखी एक भेग दिसते. नव्या पद्धतीने क्युबेतर कुटुंबे ९७ टक्के आली, क्युबन ६४ टक्केच. १९७७ च्या सरकारी व्याख्येने मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन अशा सगळ्यांना ‘हिस्पॅनिक’ या एकाच शब्दात बसवले होते. इथे तो शब्द उसवतो. क्युबन कुटुंबांचा मोठा ओघ १९५९ नंतर मायामीत आला, क्युबेतरांपैकी निकाराग्वन बहुतांशी १९८० च्या दशकात. अमेरिकेत मुरलेल्या घरात मुलाला ओढून आणणारे नातेबंध सैल झाले असतील का? शक्य आहे, पण हे अनुमानच.

आणि प्रश्नावली भरतात ते आलेले लोक. न आलेल्या मुलाचा माग उरतो तो पहिल्या फोनच्या नोंदीत, आणि तो फोन बहुधा आईने केलेला असतो.