वळिवड्याची पाहुणी वस्ती

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली आगगाडी थोडी पुढे जाते न जाते तोच वळिवड्याचे छोटे स्टेशन लागते. त्याच्या अलीकडे-पलीकडे गांधीनगरची कापडपेठ पसरली आहे. दक्षिण महाराष्ट्रात कुणाच्या घरी लग्नकार्य निघाले की बस्ता बांधायला माणसे येथे येतात. दुकानदार बहुतेक सिंधी. गिऱ्हाइकाशी अस्सल कोल्हापुरी मराठीत भाव करतात आणि गल्ल्यावरच्या मुलाला सिंधीत हाक मारतात. बस्ता बांधून परतणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, ह्या भूमीवर सिंध्यांच्याही आधी एक दुसरे गाव नांदत होते, आणि त्या गावात सुमारे 5,000 पोलिश माणसे राहत होती? 1943 साली ते गाव वसले आणि 1948 साली उठले. पाच वर्षांचे आयुष्य लाभलेले गाव! पण त्या पाच वर्षांत तेथे जे घडले, ते पाचशे वर्षे जुन्या गावांनीही पाहून घ्यावे असे आहे.

आम्हा कोल्हापूरकरांत ह्या वस्तीविषयी एक गोड समज रूढ आहे. 'आम्ही त्यांना आसरा दिला' असे आम्ही अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही. पण ते अर्धेच सांगणे आहे. आसरा देणाऱ्याची गोष्ट नेहमीच मोठ्या आवाजात सांगितली जाते, आणि आसरा घेणाऱ्याने पुढे काय केले ते कुणी विचारीत नाही. शरणार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पसरलेला हात येतो. वळिवड्याचा इतिहास वाचताना मला दिसले ते पसरलेले हात नव्हेत. कामाला लागलेले हात दिसले.

ही माणसे आली कोठून? 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून चाल केली आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएट रशियाने पूर्वेकडून. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. 1940 च्या फेब्रुवारीपासून तेथील कुटुंबे घराबाहेर काढून मालगाड्यांतून सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे रवाना करण्यात येऊ लागली. भर हिवाळा, रात्रीची वेळ, आणि सामान बांधायला मिळालेला अवधी थोडा. शेतकरी, वनरक्षक, शिपाई, शिक्षक ह्यांची ती कुटुंबे. जंगलतोड करायची आणि मोजून मिळालेल्या पावावर जगायचे, असे दिवस त्यांच्या वाट्याला आले. कित्येकांची म्हातारी माणसे आणि तान्ही मुले तेथेच राहिली, कायमची राहिली.

पुढे 1941 च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला आणि राजकारणाचे फासे फिरले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि रशिया ह्यांच्यात 30 जुलै 1941 रोजी करार झाला, आणि ह्या लोकांना मोकळीक मिळाली. जनरल अँडर्स ह्यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. ते सैन्य दक्षिणेकडे सरकले तशी बायकामुलेही त्याच्या मागोमाग निघाली. 1942 साली कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसे इराणच्या किनाऱ्याला लागली. पुरुष युद्धावर गेले. उरलेल्या बायका, मुले आणि वृद्ध ह्यांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न होता. कुणी आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोला, कुणी न्यूझीलंडला आणि कुणी हिंदुस्थानात.

हिंदुस्थानात पहिली आली ती मुले. अश्काबादहून मोटारट्रकांनी इराणमार्गे त्यांना आणले आणि काही दिवस मुंबईत वांद्र्याला ठेवले. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी आपल्या संस्थानात बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसतिस्थान बांधून दिले. पोलंडचे मुंबईतील वकील बानासिन्स्की ह्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का ह्यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीने ह्या सर्व खटपटीत स्वतःला झोकून दिले होते. युद्ध संपल्यावरही त्या पोलंडला परतल्या नाहीत, हिंदुस्थानातच राहिल्या. मोठ्या जमावासाठी मात्र मोठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या काठी, वळिवड्याच्या माळावर मिळाली. इराणातून बोटीने कराची आणि तेथून पुढे रेल्वेने वळिवडे, असा त्यांचा अखेरचा टप्पा झाला. कराची हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वस्ती म्हणजे लांबच लांब बराकींच्या रांगा. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले. एकेका कुटुंबाला खोली, स्वयंपाकाची जागा आणि पुढे ओसरी. घर म्हणावे असे त्यात काही नव्हते. पण थोड्याच दिवसांत त्या ओसऱ्यांपुढे फुलझाडे लागली. दोन वर्षे ज्यांनी बर्फावर कुऱ्हाड चालविली, त्या बायांनी पहिल्या पावसात आपल्या मातीत नव्हे तर परक्या मातीत बी टाकले. उद्या उठून जायचे आहे हे ठाऊक असलेला माणूस सहसा फुलझाड लावीत नाही, ह्यांनी लावले.

मग त्या माळावर एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या. देऊळ म्हणजे चर्च झाले, इस्पितळ झाले, आईबाप गमावलेल्या मुलांचे बालकगृह झाले. शिवणकामाचे वर्ग निघाले, सहकारी दुकान निघाले, नाटकमंडळी आणि गायकवृंद जमले. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सारे शिक्षण पोलिश भाषेत सुरू झाले. बालवीर आणि वीरबाला ह्यांची पथके तर तेथल्या जीवनाचा कणाच होती. ज्या मुलांनी उपासमार पाहिली होती, त्यांनाच धाकट्यांना सांभाळण्याचे, सण-समारंभ पार पाडण्याचे आणि ओळीत उभे राहून आपल्या देशाचे गाणे म्हणण्याचे काम मिळाले. मुंबईहून त्यांच्या भाषेतले नियतकालिकही निघत असे.

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर. मोठ्या राजकारणातले मला फार कळत नाही. पण शाळेची घंटा काय करते हे मला कळते. ज्या मुलाने तीन वर्षांत चार देश पाहिले आणि एकही वर्ग पाहिला नाही, त्याच्या आयुष्यात सकाळी ठरल्या वेळी घंटा होऊ लागली की दिवसाला आकार येतो. 'उद्या' नावाचे काही असते आणि त्याचा गृहपाठ असतो, हे त्याला पुन्हा पटते. आणि शिकविणारे कोण? त्याच बराकींत राहणाऱ्या, तसल्याच मालगाडीतून आलेल्या बाया. त्यांच्यापैकी कित्येकींचे पती कोठे आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हते. सायंकाळी ओसरीवर रडणारी बाई सकाळी फळ्यापुढे उभी राहून व्याकरण शिकवीत असेल, तर त्यात मुलांचा जितका उद्धार आहे तितकाच तिचाही आहे. दुसऱ्याच्या कामाला आलो की माणसाला आपला आधार सापडतो. मला वाटते, वळिवड्याच्या त्या वस्तीचे मर्म येथेच आहे.

आता पैशाची गोष्ट. ह्या वस्तीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार ब्रिटिशांकडून घेतलेल्या कर्जाच्या बळावर चालवीत होते. कोल्हापूरने दिली ती जागा, बाजार आणि शेजार. दूधवाला, भाजीवाली, शिंपी, टांगेवाला ह्यांच्याशी त्या लोकांचा रोजचा संबंध आला. मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत घासाघीस झाली. एक पोलिश तरुणी तर कोल्हापुरातच लग्न करून कायमची आपली झाली. शेजार ही काही लहान देणगी नव्हे. त्या काळी आमच्या खेड्यांतलेही किती तरुण इटलीच्या रणांगणावर होते! 1944 च्या मे महिन्यात मोंते कासिनोच्या टेकडीवर पोलिश सैनिकांनी आपला ध्वज लावला. त्याच वर्षी जुलैमध्ये मराठा पलटणीचे यशवंत घाडगे इटलीतच धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. वळिवड्याच्या बराकीत आणि मावळातल्या झोपडीत एकाच रणभूमीवरच्या पत्राची वाट पाहिली जात होती.

आणि मग युद्ध जिंकले गेले. पण ह्या माणसांनी मात्र ते हरले! 1945 च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तिघा बड्यांनी पोलंडची पूर्व सीमा आखली, आणि वळिवड्यातील बहुतेकांची गावे रशियात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या देशाची गाणी मुलांना रोज शिकविली, त्या देशात परतण्याजोगे घरच उरले नाही. कादंबरी लिहिणाऱ्याने असे वळण घातले तर टीकाकार त्याला निष्ठुर म्हणतील. इतिहासाला टीकाकारांची भीती नसते.

तरी शाळा चालू राहिली. 1946 साली बालाचडी बंद झाल्यावर तेथली उरलेली मुलेही वळिवड्यात सामावून घेतली गेली. 1947 पासून पांगापांग सुरू झाली. ज्यांचे बाप-भाऊ पोलिश सैन्यात होते ती कुटुंबे ब्रिटनला गेली. कुणी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, तर थोडे पोलंडला परतले. 1948 च्या आरंभी बराकी रिकाम्या झाल्या. मागे फुलझाडे उरली, आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही थडगी.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत पंजाब-बंगालचे तुकडे झाले, पण सिंध सबंधच पाकिस्तानात गेला. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळल्यावर तेथील हिंदूंचा धीर सुटला आणि बोटी भरभरून माणसे मुंबईला उतरू लागली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली; तेथेच 1949 साली उल्हासनगर वसले. त्याच लोंढ्यातले काही सिंधी वळिवड्याला पोचले. ज्या कराचीच्या धक्क्यावर पोलिश माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच धक्का सोडताना सिंध्यांनी डोळे पुसले होते. आणि दोघांना छप्पर मिळाले ते एकच!

दोघांत फरकही होता. पोलिश लोक पाहुणे म्हणून आले होते. यजमान पाहुण्याशी गोड वागतो, कारण तो जाणार असतो. सिंधी राहायला आले होते, आणि राहायला आलेल्याकडे गाव जरा संशयाने बघते. त्यांना पडेल तो धंदा करावा लागला. आजची कापडपेठ त्या कष्टांवर उभी आहे. पाहुण्यांची आठवण आम्ही आवडीने काढतो. जे राहिले, त्यांनी काय सोसले हे आम्ही क्वचितच विचारले. आसऱ्याची खरी परीक्षा राहणाऱ्यापाशीच होते.

मध्यंतरी सातवीच्या वर्गात मी हा सारा वृत्तान्त सांगितला. एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्यांनी इथं शाळा कशाला काढली? जायचंच होतं ना?" मी म्हणालो, "जायचे होते म्हणूनच." मुलाला ते कितपत उमगले कोण जाणे, पण मागच्या बाकावरच्या एका सिंधी मुलीने मान डोलावली.

21 ऑगस्ट 2024 रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापुढे पुष्पचक्र वाहिले. दूर देशाच्या राजधानीत आपल्या गावाचे नाव दगडावर कोरलेले असणे ही भाग्याचीच गोष्ट आहे. त्या नावाला शोभून दिसायचे असेल, तर उद्या ज्या कुणावर घर सोडण्याची पाळी येईल त्याला आपण छप्पर द्यावे, पोटाला द्यावे. आणि तेवढ्यावर न थांबता, त्याच्या हाताला आपल्या गावात काही काम द्यावे.