घाटाची सायकल

श्रोतेहो, सायकल चालवलेल्या प्रत्येक माणसाला एक क्षण चांगला ठाऊक असतो. सपाटीचा रस्ता संपतो आणि घाट लागतो. पहिल्या वळणापर्यंत आपण नेटानं पाय मारतो, दुसऱ्या वळणाला सीटवरून उठून उभे राहतो, आणि तिसऱ्या वळणाला, कोणी बघत नाही ना, अशी इकडेतिकडे नजर टाकून खाली उतरतो. मग हँडल धरायचं आणि सायकल ढकलत चालू लागायचं. दुधाचे कॅन लावून तालुक्याला येणारे गवळी असोत की दप्तर अडकवलेली पोरं असोत, घाटानं सगळ्यांना एकदा तरी खाली उतरवलेलं आहे.

माझ्याकडे आज दोन सायकली आहेत. एक साधी डोंगरी सायकल, म्हणजे जाड टायरची, पुष्कळ गिअरांची, जिला बाजारात माउंटन बाइक म्हणतात ती. दुसरी तशीच, पण पोटात मोटर आणि दांडीत बॅटरी असलेली. चाळिशीनंतर गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल सोडू नका, पण चढावर गुडघ्यावर एवढा भार घेऊ नका. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जाणं ही माझी वर्षानुवर्षांची सवय. ती सुटणार, या विचारानं मन खट्टू झालं, आणि विजेची सायकल घरात आली. ती आल्यावर एके दिवशी आमच्या ओळखीचे एक गुरुजी घरी आले. त्यांची शाळा डोंगराच्या कुशीत, वर वाडीवर आहे. दोन्ही सायकली सोप्यात उभ्या पाहून ते म्हणाले, “अहो सर, विजेची घेतलीत ना? मग ही जुनी कशाला अडवून ठेवलीत? विकून टाका की.”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी, की उत्तर सुचलं नाही म्हणजे तो मागे जातो. मीही गेलो.

आज आपण जी सायकल ओळखतो, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ती जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री इथं १८८५ साली सिद्ध केली. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर काढला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेही १८८८ सालीच. लोखंडी नांगराच्या आधी, कडबा कापण्याच्या यंत्राच्याही आधी, किर्लोस्करांचा उद्योग सायकलीवर स्वार होऊन आला, ही गोष्ट गुरुजींनी मुलांना जरूर सांगावी.

आता विजेची सायकल म्हणजे कालपरवाचा शोध, असं आपण धरून चालतो. तसं नाही बरं का! अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालच्या डिसेंबरात विजेच्या सायकलीचं पेटंट मिळालं. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर, आणि सायकलीच्या दांड्यांमध्ये टांगलेली बॅटरी. आजही रस्त्यावरच्या अनेक विजेच्या सायकलींची मांडणी जवळजवळ हीच आहे. म्हणजे साधी सायकल आणि विजेची सायकल यांच्या वयात अवघं दहा वर्षांचं अंतर! मग धाकटी शंभर वर्षं कुठं दडून बसली होती? कारण एकच, वजन. त्या काळची बॅटरी शिशाची. चढावर माणसाला मदत व्हावी म्हणून जी बॅटरी लावायची, तिचंच ओझं वर चढवताना माणूस टेकीला यायचा. हलकी लिथियमची बॅटरी बाजारात यायला १९९१ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात घाटाशी झुंज देण्याचा दुसरा मार्ग निघाला होता, तो म्हणजे गिअर. आणि इथं इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलींची प्रचंड मोठी शर्यत सुरू झाली. तिचे जनक ऑन्री देग्रांज हे एका वृत्तपत्राचे संपादक. शर्यत डोंगरावर नेण्याची त्यांना हौस, पण साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला मात्र त्यांचा कडवा विरोध. शर्यत स्नायूंनी जिंकायची, यंत्राच्या युक्तीनं नव्हे, असा त्यांचा बाणा. ही गिअरची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभते, असं मत त्यांनी मांडल्याचं सांगतात. मी स्वतः त्या उंबरठ्यावर उभा असल्यामुळे या वाक्यानं मला जरा टोचलं, हे कबूल करतो!

तर त्या काळचे स्पर्धक काय करत? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्र असे, एक सपाटीचं, एक चढाचं. घाटाच्या पायथ्याशी गडी खाली उतरायचा, चाक काढायचा, उलटं फिरवून बसवायचा, आणि मग चढू लागायचा. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. ही कसरत चालू राहिली, आणि गिअरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. आज गिअर लावून घाट चढणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण पस्तीस वर्षं तसं म्हणणारी माणसं होती, आणि ती काही मूर्ख नव्हती.

आता डोंगरी सायकलीकडे वळतो. तिचं जन्मस्थान अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन नावाच्या जिल्ह्यात. तिथं टॅमाल्पाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या सुमारास तिथल्या काही तरुणांनी भंगारात पडलेल्या जुन्या, फुगीर टायरच्या दणकट सायकली हुडकून काढल्या. १९३०-४०च्या काळात शाळकरी पोरांसाठी केलेल्या त्या सायकली. त्या घेऊन ही मंडळी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायची. १९७६ सालच्या ऑक्टोबरात फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरही लांबी नाही, आणि उतार सुमारे ४०० मीटरांचा! या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. दर खेपेनंतर तुंबा खोलून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा.

पण श्रोतेहो, ही मंडळी वर कशी जायची, हे विचारलंत का? पुष्कळदा ट्रकमध्ये सायकली टाकून! ज्या सायकलीला आपण डोंगराची म्हणतो, तिनं सुरुवातीला डोंगर उतरण्याचंच काम केलं. चढायला तिला पेट्रोल लागायचं. मग गॅरी फिशर आणि त्याच्यासारख्या खटपट्यांनी जुन्या सांगाड्यांवर गिअर चढवले. जो ब्रीझ यानं १९७७ साली भंगाराचा नाद सोडून या कामासाठी खास नवा सांगाडा घडवला. १९७९ साली फिशर आणि चार्ली केली यांनी धंदा सुरू केला, टॉम रिची सांगाडे घडवून देऊ लागला, आणि दुकानाच्या नावावरूनच ‘माउंटन बाइक’ हा शब्द जगभर गेला. गिअर आल्यावर ट्रकची गरज संपली. चढणारा आणि उतरणारा तोच माणूस, त्याच दोन पायांवर. माझ्या मते डोंगरी सायकल खरी त्या दिवशी जन्मली. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत झाली, म्हणजे भंगारातून निघाल्यापासून पंचवीसेक वर्षांत.

मोटरीचं पुनरागमन झालं ते जपानात. तेही शर्यतीसाठी नव्हे. बाजारहाट करणाऱ्या बायका, म्हातारी माणसं यांच्यासाठी. १९९३ साली यामाहा कंपनीनं ‘पास’ नावाची सायकल विक्रीला काढली. तिच्यातली खुबी मोटरीत नव्हती. पायडलवर किती जोर पडतो हे मोजण्यात होती. तुम्ही एक भाग जोर लावलात, तर मोटर तिचा एक भाग घालणार. ताशी १५ किलोमीटरपर्यंत बरोबरीनं, पुढे कमी कमी होत ताशी २४ला बंद. तुम्ही पाय थांबवलेत की तीही थांबली. आपल्या भाषेत सांगायचं, तर मोटरसायकल म्हणजे बैल गाडीला आणि आपण गाडीत; ही सायकल म्हणजे जुवाखाली एका बाजूला आपण, आणि दुसऱ्या बाजूला जोडीचा बैल. तुम्ही ओढलंत तरच तो ओढणार. २०११पासून जर्मनीच्या बॉश कंपनीच्या मोटरी सायकलींत येऊ लागल्या, आणि मग हीच युक्ती डोंगरी सायकलीच्याही पोटात शिरली.

हा जोडीचा बैल किती ताकदीचा? साधारण निरोगी माणूस तासन्‌तास पाय मारत राहिला तर ७५ ते १०० वॅट देतो. आपल्याकडे जिला परवाना आणि नोंदणी लागत नाही अशा विजेच्या सायकलीची मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला, असा नियम आहे. म्हणजे मोटर एका घोड्याच्या तिसऱ्या हिश्श्याची, पण माणसाच्या अडीच-तीन पट. शिक्षकांनी मुलांकडून एक हिशेब जरूर करून घ्यावा. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो, आणि घाट ६०० मीटर उंचीचा. एवढं वजन वर न्यायला नुसत्या उचलण्यापुरती ऊर्जा लागते सुमारे १६३ वॅट-तास. शंभर वॅटचा दिवा दीड तासाहून थोडा जास्त जळेल, एवढीच! ज्या घाटानं आपला घाम काढला, त्याची किंमत विजेच्या मापानं इतकी थोडी. मला हा आकडा पाहून प्रथम वाईट वाटलं, मग आपल्या पायांबद्दल आदर वाटला.

आणि हा हिशेब विसरलो म्हणून माझी एकदा फजितीही झाली. विजेची सायकल नवी होती. कास ओलांडून पलीकडे शिवसागराच्या काठी बामणोलीला उतरलो. जाताना बढाईनं मोटर पूर्ण जोरावर ठेवली होती. परतीच्या चढावर मधेच बॅटरी संपली. साधी डोंगरी सायकल १३-१५ किलोंची, ही २४ किलोंची. जोडीचा बैल नुसता बसला नाही, तर माझ्याच खांद्यावर बसला! पाऊस, धुकं, आणि मी ढकलतोय. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी सायकल मागे टाकली आणि मला पुढे बसवलं. मरिनची मंडळी आठवली. तेही असेच वर जायचे, पण हसत!

दोष सायकलीचा नव्हता. साध्या सायकलीवर पाय आपल्याला वेळोवेळी खबर देतात: आता जपून, अजून पाच वळणं आहेत. विजेच्या सायकलीवर ती खबर उशिरा पोचते. त्या दिवसानंतर मी एक रीत ठेवली. महिन्यातून दोनदा साधी सायकल घेऊन घाटात जायचं. माथा गाठायचा हट्ट नाही. गुडघा जिथं बोलेल तिथून परत. कधी चौथं वळण, कधी सहावं. बाकीच्या दिवशी विजेची, आणि तीही मोटरीचा सर्वांत कमी जोर लावून.

शर्यतीच्या जगानंही अशीच वाटणी करून टाकली आहे. २०१६ साली बेल्जियममध्ये झोल्डर इथं सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका सायकलीच्या दांडीत लपवलेली मोटर सापडली. केवढा गहजब झाला, आणि कडक शिक्षाही. आणि तीनच वर्षांनी, २०१९ साली, त्याच आंतरराष्ट्रीय महासंघानं कॅनडात माँ-सेंत-आन इथं विजेच्या डोंगरी सायकलींची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. साध्या सायकलींची शर्यत त्याच सोहळ्यात वेगळी. मोटर तीच. एकीकडे ती लपवली होती, दुसरीकडे सर्वांदेखत होती. देग्रांजसाहेबांना हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण मला यात न्याय दिसतो.

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं. चहा झाला. ते म्हणाले, “सर, इतिहास झाला, आता जरा चालवून बघू द्या.” विजेची घेऊन ते आमच्या गल्लीचा चढ चढून गेले आणि पोरासारखे हसत परत आले. यंदा निवृत्तीला चार वर्षं उरलीत. रोज वाडीवर चढून जाण्याची त्यांना धास्ती वाटू लागली होती, बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम बोलून दाखवलं. दोन महिन्यांनी त्यांनी विजेची सायकल घेतली. परवा रस्त्यात भेटले, तेव्हा विचारलं, घरच्या त्या काळ्या सायकलीचं काय केलंत?

“गिऱ्हाईक आलं होतं,” गुरुजी म्हणाले. “पण म्हटलं राहू दे. काल नवे टायर टाकले. रविवारी ओढ्यापर्यंत जाऊन येतो.”